पाहणीसाठी लावलेलं घर

बाई बारा वाजता येणार होत्या आणि साडेदहाला फ्रीज जिन्यात अडकून बसला होता.

"डावीकडून घे!" मधला वरून ओरडला. "अगं, तुझं डावं नव्हे, फ्रीजचं डावं!"

"विचारते हं फ्रीजला," खालून त्याच्या बायकोचा आवाज आला. "तो म्हणतोय, जिन्याचं माप न घेता मला इथे कोंबणाऱ्याला सुतार म्हणतात तरी कोण?"

तिसऱ्या मजल्याच्या कठड्याशी थोरली हातात वही घेऊन उभी होती. "भांडण नंतर करा रे. आधी तो तिरका करून आत घ्या," ती म्हणाली, आणि वहीत 'फ्रीज' या शब्दापुढे अर्धी खूण केली. तरी बरं, फ्रीज प्लायवूडचा होता आणि त्याला पाठच नव्हती. एका विनोदी नाटकाच्या दुसऱ्या अंकात तो दोनशे प्रयोग उभा राहिला होता. दार उघडलं की आत बल्ब लागायचा आणि शेवटच्या रांगेतल्या माणसालासुद्धा वाटायचं, की आत लोणी आहे.

या घराण्यात तीन पिढ्या कुणी रंगमंचावर तोंड दाखवलं नव्हतं. आजोबा पडदे रंगवायचे, वडील ते पडदे ओढायचे. मधला सेटचा सुतार, त्याची बायको, म्हणजे वहिनी, कपडेपट सांभाळायची, धाकटी दिवे बघायची, आणि थोरली गेली एकतीस वर्षं विंगेत उभी राहून विसराळू नटांना वाक्यं पुरवत आली होती. चार तासांत हवं ते घर उभं करता येतं, यावर या मंडळींची जेवढी श्रद्धा होती तेवढी दुसऱ्या कशावर नव्हती. त्यामुळे मुलांच्या देखभालीची पाहणी करायला बालकल्याण कार्यालयातून बाई येणार, असं पत्र आठ दिवसांपूर्वी धाकटीच्या टेबलावर थोरलीला सापडलं, तेव्हा मुलांना नेतील या भीतीने तिची पाचावर धारण बसली खरी, पण लगेच तिने मधल्याला फोन करून विचारलं होतं, "गोदामात स्वयंपाकघर कुठलं कुठलं आहे?"

धाकटीच्या घराला आधाराची गरज होती, हे कुणी नाकारत नव्हतं. तिचा नवरा दोन वर्षांपूर्वी दौऱ्यावर म्हणून गेला तो दौरा अजून संपला नव्हता. मग धाकटी आजारी पडली. डॉक्टरांच्या गोळ्यांनी तिचं रडणं थांबलं, पण सकाळचे दहा वाजेपर्यंत तिला डोळे उघडवत नसत. तिला दोन मुलं. नऊ वर्षांची मुलगी घर चालवायची म्हणून सगळे तिला कौतुकाने 'मॅनेजर' म्हणत. चार वर्षांचा टिल्लू घर बंद पाडायचा. मॅनेजर दूध तापवायची, टिल्लूला कपडे घालायची, आईच्या उशाशी पाण्याचा ग्लास ठेवायची आणि मग धावत शाळेत जायची. येणारे-जाणारे नातेवाईक म्हणायचे, "किती गुणी पोर!" आणि निघताना धाकटीला म्हणायचे, "काही लागलं तर सांग हं." थोरली हे सगळ्यांत जास्त वेळा म्हणत असे.

पत्र आलं म्हणजे कुणीतरी तक्रार केली, आणि तक्रार केली म्हणजे तळमजल्यावरच्या घड्याळजीने केली, हा निकाल मधल्याने पहिल्याच दिवशी दिला होता. घड्याळजी दिवसभर दाराशी डोळ्याला भिंग लावून बसायचा. "अख्खा दिवस बारीकसारीक बघत बसतो, दुसरं काय करणार!" एवढ्या पुराव्यावर मधला त्याला चार शब्द सुनावूनही आला होता. आठ दिवस कुणी त्याच्याशी बोलत नव्हतं. बिचारा रोज सकाळी नमस्कार करायचा आणि हात तसाच खाली घ्यायचा.

सव्वाअकराला घर उभं राहिलं, आणि काय राहिलं! खरा फ्रीज मागच्या गॅलरीत चादरीखाली गेला, कारण त्यात अर्धा पाव आणि एक टोमॅटो होता. भिंतीला पुस्तकांचं कपाट आलं. त्यात एकशे चाळीस पुस्तकांच्या पाठी होत्या आणि एकही पान नव्हतं. टेबलावर प्लॅस्टरची सफरचंदं बसली. मॅनेजरच्या अंगात निळा फ्रॉक होता. त्याच्या आत, मानेशी, 'श्रीमंत पुतणी, अंक पहिला' अशी पट्टी शिवलेली होती आणि ती तिला टोचत होती. टिल्लूला खलाशी केलं होतं.

"मावशी," मॅनेजर म्हणाली, "या सफरचंदांना धूळ लागलीय. पुसू का?"

"तू आज काही करायचं नाहीस. नुसतं गोड दिसायचं."

"ते किती वेळ?"

थोरलीला हसू आलं, पण वेळ नव्हता. तिने धाकटीला खिडकीजवळच्या खुर्चीत बसवलं, वहिनीने तिच्या गालांना थोडा रंग लावला. धाकटी निमूट बसली होती. ती कधीच भांडखोर नव्हती. लहानपणी तिच्या ताटातलं कुणी काही उचललं तरी ती फक्त ताटाकडे बघायची.

"आता पुन्हा एकदा," थोरली म्हणाली. "सकाळी मुलांना कोण उठवतं?"

"ताई, मला जरा काहीतरी सांगायचंय."

"'मीच उठवते, सहा वाजता.' असं म्हण. पुढे?"

"ताई, त्या बाई—"

"त्या बाईंची भीती बाळगू नकोस. अडलीस तर मी पडद्यामागे आहेच."

धाकटीने तोंड उघडलं आणि पुन्हा मिटलं. तेवढ्यात दार वाजलं. बाई वीस मिनिटं लवकर आल्या होत्या.

त्या ठेंगण्या, पन्नाशीच्या, तीन जिने चढून दमलेल्या होत्या. काखेत फाइल होती. आधी त्यांनी पाणी मागितलं, ते संपवलं, मग घरावरून नजर फिरवली. "छान आहे हो घर," त्या म्हणाल्या. मधला कपाटावर कोपर टेकून उभा होता, म्हणजे पुस्तक काढायची कुणाला इच्छा होऊ नये. वहिनी फ्रीजपुढे. थोरली स्वयंपाकघराच्या पडद्यामागे, नेहमीसारखी एका पायावर भार टाकून.

"सकाळी मुलांना शाळेत कोण पाठवतं?" बाईंनी धाकटीला विचारलं.

धाकटी बोलायला पुढे सरकली. थोरलीच्या अंगातली एकतीस वर्षं जागी झाली. "मीच पाठवते. सहाला उठते," पडदा हळूच म्हणाला. थोरलीची कुजबुज नटाच्या कानात पोचायची आणि पहिल्या रांगेला कळायची नाही, अशी तिची ख्याती होती. पण इथे पहिली रांग दोन हातांवर बसली होती. बाईंनी पडद्याकडे पाहिलं, धाकटीकडे पाहिलं आणि फाइलमध्ये काहीतरी लिहिलं.

"औषधं वेळेवर घेता?"

"अगदी वेळेवर," पडदा म्हणाला.

"घरात मदतीला कोण असतं?"

"सगळे असतात. आमचं घर म्हणजे गोकुळ आहे," पडद्याला आता चांगलाच सूर लागला होता.

बाईंनी टोपण लावलं. "मग काही प्रश्नच दिसत नाही. घर टापटीप, खायला-प्यायला भरपूर, माणसं एवढी. मी 'मदतीची गरज नाही' असं लिहून फाइल बंद करते."

मधल्याचा जीव भांड्यात पडला. त्याने कपाट सोडून टाळी वाजवायला हात वर केले, वहिनीने डोळ्यांनीच त्याला दाबलं. पडद्यामागे थोरलीने डोळे मिटून सुटकेचा श्वास सोडला. फक्त धाकटीचा चेहरा त्या लावलेल्या रंगाखाली पांढरा पडला, आणि ते बाईंखेरीज कुणी पाहिलं नाही.

"मुलांना भेटते आणि निघते," बाई उठत म्हणाल्या. "ही मोठी. आणि छोटा कुठाय?"

छोटा नव्हता. पलंगाखाली नव्हता, न्हाणीघरात नव्हता, गॅलरीत नव्हता. थोरली पडदा सारून बाहेर आली, तेव्हा ती आत होती याचं कुणी आश्चर्य दाखवलं नाही. "टिल्लू! अरे टिल्लू!" चौघं चार दिशांना हाका मारू लागले. शेवटी फ्रीजमधून आवाज आला, "मी इथे नाहीये."

बाईंनी वहिनीला हलकेच बाजूला केलं आणि दार उघडलं. बल्ब लागला. रंगवलेल्या लोण्याच्या शेजारी खलाशी मांडी घालून बसला होता. "दार लावा ना," तो म्हणाला, "लपलोय मी."

मुलांच्या सुरक्षिततेची पाहणी करायला आलेल्या बाईला मूल फ्रीजमध्ये सापडावं, याच्यापुढचं वाक्य कुणाच्याच वहीत नव्हतं. तिघंही एकदम बोलू लागले. हवा खेळती आहे, थंडी अजिबात नाही, हा तसा फ्रीज नव्हेच. आपलं म्हणणं पटवायला मधल्याने, कुणी सांगितलेलं नसताना, फ्रीज गरकन फिरवला. मागून तो नुसता सांगाडा होता. चौकटीवर त्याच्याच अक्षरात लिहिलं होतं, 'अंक दुसरा. स्वयंपाकघर. सांभाळून उचला, रंग ओला.' वहिनी पाठीने कपाटाला टेकली आणि एकाच फळीला चिकटलेली एकशे चाळीस पुस्तकं एकदम पुढे आली.

बाईंनी ती पुस्तकं हाताने मागे ढकलली, नीट बसवली आणि पुन्हा खुर्चीत बसल्या. त्यांच्या ओठांचे कोपरे हलत होते, पण त्यांनी हसू आवरलं.

थोरली पुढे झाली. "हे सगळं माझं आहे बाई. हिचा काही दोष नाही. मला काय म्हणायचं ते म्हणा, पण मुलांना नेऊ नका. हात जोडते."

"नेऊ नका?" बाईंनी तिच्याकडे नवलाने पाहिलं आणि मग धाकटीकडे वळल्या. "तुम्ही घरात सांगितलं नाहीत?"

धाकटीने मान हलवली. "बोलायला मिळालं नाही." मग ती सावकाश म्हणाली, "दादा, घड्याळजींनी फोन नाही केला. मी केला."

"तू?"

"मी. घरी येऊन मदत करतात का, विचारलं. आणि..." ती थांबली. थोरलीचे ओठ सवयीने हलले, पण या वेळी पुढचं वाक्य तिला ठाऊक नव्हतं. "आणि मदत मिळण्यासारखी नसेल, तर काही महिने मुलांना संस्थेत ठेवून घ्याल का, असंही विचारलं. मला बरं वाटेपर्यंत."

मधला फ्रीज सोडून पुढे आला. "अगं, आम्ही काय मेलो होतो? आम्हाला सांगायचंस ना!"

"सांगितलं होतं. तू म्हणालास, हा प्रयोग झाला की येतो. दादा, तुमचे प्रयोग कधी संपतात?" धाकटीच्या आवाजात राग नव्हता, आणि तेच ऐकवत नव्हतं. "वहिनी येते, कपडे शिवून देते, रडते आणि जाते. आणि ताई, तुला सांगायला लागलं की माझं वाक्य तूच पुरं करतेस. दर वेळी मला वाटतं, हे माझं नव्हतं. पण तोवर तू निघालेली असतेस."

थोरलीला फार लागलं. एवढी वर्षं ती मानत आली होती, की अडलेल्याला शब्द देणं याच्याइतकं मोठं देणं नाही. तिला म्हणावंसं वाटलं, की मी तुझ्यासाठी रात्रंदिवस काळजी केली. ते खरंही होतं. पण त्या काळजीने इथला एकही ग्लास विसळला गेला नव्हता, हेही आत्ता, या खोट्या स्वयंपाकघरात उभं राहिल्यावर तिला दिसलं. तिला लाज वाटली.

"पण मी करते ना सगळं," दारातून आवाज आला. मॅनेजर तिथे केव्हापासून उभी होती, देव जाणे. एका हाताने ती मानेवरची पट्टी ओढत होती. "आई, उशीर फक्त सोमवारी झाला. सोमवारी टिल्लूचा बूट सापडत नव्हता म्हणून. मी अजून लवकर उठेन. आम्हाला पाठवू नकोस."

धाकटीने हात पुढे केले आणि मुलगी त्यात शिरली. वहिनी रडू लागली. मग 'रडते आणि जाते' हे आठवून तिने डोळे पुसले आणि पदर खोचून चहा ठेवायला गेली.

बाईंनी फाइलमधून एक कोरा कागद काढला. "आता कामाचं बोलू या," त्या म्हणाल्या. "मुलं आपल्या घरात, आपल्या आईजवळ वाढावीत, यासाठीच मी येते. आमच्याकडून आठवड्यातले तीन दिवस सकाळी एक मदतनीस बाई येतील. छोट्यासाठी कोपऱ्यावरच्या पाळणाघरात जागा बघते. बाकीचे दिवस तुम्ही भरायचे. नाव, वार, वेळ. 'काही लागलं तर सांग' या कागदावर चालत नाही."

मधल्याने मान खाली घातली. थोरलीने मान खाली घातली नाही, कारण तिच्याकडे तोडगा तयार होता. "त्यापेक्षा मुलांना मी माझ्याकडे नेते. दोन खोल्या रिकाम्या आहेत. हिला विश्रांती मिळेल, मुलांना—"

"नाही ताई," धाकटी म्हणाली. "घरीच."

"अगं, पण तुला झेपणार—"

"ती घरी म्हणाली ना!" मधल्याचा आवाज चढला. उभ्या आयुष्यात तो थोरलीला असं बोलला नव्हता, आणि बोलून झाल्यावर तोच दचकला. "घरीच म्हणतेय ती. शुक्रवार माझा लिहा बाई. सकाळी साडेसहा."

"साडेसहाला हे?" स्वयंपाकघरातून वहिनी ओरडली. "यांना साडेसहा दिवसातून एकदाच येतात असं वाटतं, संध्याकाळचे! बाई, शुक्रवार माझा लिहा. यांना रविवार द्या, आणि बाजारहाट द्या."

"मी उठेन!"

"लग्नाच्या दिवशी तरी उठला होतात का? वन्सं, तुम्हीच सांगा."

"नव्हता उठला," थोरली म्हणाली. एरवी कपडेपटाचा नि तिचा छत्तीसचा आकडा, पण सत्य ते सत्य. वहिनीने विजयी मुद्रेने चहा आणून ठेवला. मग थोरलीने बाईंना सांगितलं, "राहिलेले सगळे वार माझे लिहा. मदतनीस येतील ते दिवससुद्धा."

"सगळे वार घेणारं माणूस दुसऱ्या महिन्यात दिसत नाही," बाई म्हणाल्या. "मी बावीस वर्षं बघतेय. दोन घ्या, पण चुकवू नका."

थोरलीने मंगळवार घेतला आणि शनिवार घेतला. "आणि येऊन काय करू?" तिने बाईंना नाही, धाकटीला विचारलं, आणि वाट पाहत बसली.

धाकटीला वेळ लागला. "मला उठव," ती शेवटी म्हणाली. "माझ्याऐवजी करू नकोस. मला उठव, आणि मी करत असेन तेव्हा जवळ बस."

ते कागदावर तसंच्या तसं लिहिलं गेलं. मग शाळेत सोडायचं निघालं. साडेसातला त्या बाजूला रोज जाणारं एकच माणूस सगळ्यांना माहीत होतं, आणि आठ दिवस त्याच्याशी कुणी बोलत नव्हतं. सगळ्यांच्या नजरा मधल्याकडे वळल्या.

"मी नाही जाणार."

"सुनावायला कोण गेलं होतं?" वहिनी म्हणाली.

मधला फाशीला निघाल्यासारखा तीन जिने उतरला. दहा मिनिटांनी तो वर आला तेव्हा मागे घड्याळजी होते, कपाळावर भिंग तसंच. "मी जातोच रोज शाळेवरून," ते दारातूनच म्हणाले. "ही पोर रोज धावत जाते, तेव्हा वाटायचं विचारावं. पण तुम्ही एवढी माणसं येता-जाता. म्हटलं, आपण कोण मध्ये बोलणारे." आणि मधल्याकडे न पाहता त्यांनी पुढे जोडलं, "यांच्या मनगटावरचं घड्याळ सात मिनिटं मागे आहे. तेवढं लावून देईन."

कागद भरत आला होता. मॅनेजर इतका वेळ बाईंच्या खांद्यामागून तो वाचत होती. "माझं नाव कुठाय?" तिने विचारलं. "दूध माझं. टिल्लूचे बूट माझे. आईच्या गोळ्यांची आठवणही मीच करते. ते कुठल्या रांगेत?"

बाईंनी कागद तिच्यापुढे धरला. दूध ज्याचा वार त्याच्या रांगेत होतं, बूट घड्याळजींच्या, गोळ्या धाकटीच्या स्वतःच्या नावापुढे. "तुझं नाव यात नाही, बाळा," त्या म्हणाल्या. "मुद्दाम नाही."

मुलीचा चेहरा पडला. कामावरून काढलेल्या माणसाचा पडतो तसा. तिने पुन्हा एकदा वरपासून खालपर्यंत बोट फिरवून बघितलं.

"मग मी काय करू?"

थोरली पुढे झाली आणि थांबली. तिच्या बहिणीने, भावाने, भावजयीने एकमेकांकडे पाहिलं. शेवटी टिल्लूने तिचा फ्रॉक ओढला. "खाली चल ना. सगळे खेळतायत."

"मला येतच नाही त्यांचा खेळ."

"मी शिकवतो. सोप्पंय. नुसतं पळायचं."

मॅनेजर गेली, पण जिन्यावरून परत आली. "गॅस बंद केलाय ना?" केलाय, जा. चार मिनिटांनी पुन्हा दारात, धापा टाकत. "गॅलरीतल्या फ्रीजचा प्लग काढलाय. टोमॅटो खराब होईल." मधला उठला आणि प्लग लावून आला. ती तो लावलेला बघूनच गेली. मग बाई निघाल्या, घड्याळजी दुकानात गेले, मधला नि वहिनी खोटं कपाट उतरवत, वाटेत भांडत, खाली गेले. मॅनेजर काही परत आली नाही.

संध्याकाळ झाली. थोरली भांडी विसळत होती आणि धाकटी ती पुसत होती. खाली आरडाओरडा चालला होता. बऱ्याच वेळाने धाकटीने फडकं ठेवलं, खिडकीशी गेली, आणि गेल्या दोन वर्षांत निघाला नव्हता इतक्या मोठ्या आवाजात ओरडली, "अगं ए! किती वेळ झाला? चला वर!"

खालून, सगळ्या पोरांच्या गलक्यात, मॅनेजरचा वैतागलेला आवाज आला.

"आई, पाच मिनिटं! पाचच मिनिटं ना गं!"